घराकडचा बाण

बाबा,

जेवण झाकून ठेवलंय. जेवा आणि फोनजवळून हलू नका. मी शेजारच्या मिथुनच्या बाइकवरून माहुलीला चाललेय. दीपेश गडावर एकटाच गेलाय, त्याचा मोबाइल लागत नाही आणि वर धुकं आहे म्हणतात.

काल अंगणात उभं राहून तुम्ही त्याच्या नव्या जीपीएस यंत्रात आपल्या घराची खूण करायला लावलीत ना? "वाट चुकलास तर बानाच्या मागं चाल, सरल घरा येशील" म्हणालात. मिथुन नेहमी गडांवर जातो. त्याला मी हे कौतुकानं सांगितलं, तर त्याचा चेहराच उतरला. तो बाण नुसती सरळ रेषेत भिवंडीची, आपल्या घराची दिशा दाखवतो. मध्ये कडा आहे की दरी, त्या यंत्राला कळत नाही. खूण पायथ्याच्या गावात करायची असते.

आईला यातलं काही बोलू नका. दीपेश उशिरा येईल, एवढंच सांगा.

गोदामाच्या जागेवरून बिनसल्यापासून तो तुमचा एक शब्द ऐकत नव्हता. काल पहिल्यांदाच "बरं बाबा" म्हणाला. मला त्याचीच भीती वाटतेय. तो बाणामागेच चालेल.

निशा