कालव्याच्या अलीकडे, पलीकडे

मेसा, अ‍ॅरिझोना
११ जानेवारी १९९४

ती. आर्लिसताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग एवढ्यासाठी, की इथली जमीन जानेवारीतही उबदार असते. तुमच्या डलुथला घातला तर कपाळ जमिनीला चिकटायचं.)

भावजी छपरावरचा बर्फ पाडायला चढले आणि बर्फाच्या आधी स्वतःच खाली आले, हे तुझ्या सुनेकडून कळलं. पायाचं हाड सांधेल गं, पण सत्तरीच्या माणसाला शिडीवर चढू दिलंस, तुला काय म्हणावं! आता थंडीला रामराम करून इकडे यायचं ठरवलंत, ते उत्तम केलंत. क्लिफर्ड मला एकटी टाकून गेल्यापासून मी हेच सांगते आहे.

मात्र घर कुठे घ्यायचं याचा घोळ घालू नका. ऊन सगळीकडे सारखंच, वस्ती बघून घ्यावी. आमची पालो व्हेर्दे कॉलनी कशी, सगळीकडून भिंत, विजेवर चालणारं फाटक, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. कालव्यापलीकडे संत्रीबाग म्हणून जुनी वस्ती आहे. घराघरात कोंबड्या आणि दोरीवर सगळ्यांच्या चड्ड्या! दलाल तिकडे नेईलच. नेलं तर डोळे मिटून गाडीत बसून राहा.

माझ्या शेजारचं घर योगायोगाने रिकामं आहे. माझा आग्रह नाही. खिडक्यांची मापं तेवढी घेऊन ठेवली आहेत.

मायेत काटकसर न करणारी,
तुझी व्हर्ना

डलुथ, मिनेसोटा
२४ जानेवारी १९९४

चि. व्हर्नास,
अनेक गोठलेले आशीर्वाद. तुझ्या हाती पडेपर्यंत वितळतील.

शिडीवर मी चढू दिलं नाही. मी चर्चमध्ये कॉफी वाटत होते, तेवढ्यात यांनी डाव साधला. समोरच्या सोल्वेगने खिडकीतून पाहिलं आणि कोट न घालता धावत आली. तिच्या नवऱ्याने यांना घोंगडीत गुंडाळून दवाखान्यात नेलं. आठवडाभर माझी चूल पेटली नाही, इतकी शेजारणींनी रांधलेल्या हॉटडिशची भांडी दारात आली. हे सगळं सोडून यायचं म्हटलं की आवरायला काढलेलं सामान मी पुन्हा जागेवर ठेवते.

यांच्या अटी दोनच. लाकूडकामाला मोठं गॅरेज हवं आणि मासे धरायची होडी सोबत आणायची. तिथे जवळपास तळं नाही म्हटलं, तर म्हणाले की पाणी नसलं तरी होडीत बसता येतं. आता या माणसाशी काय वाद घालायचा!

खिडक्यांची मापं कळली. शेजारी कसे आहेत ते मात्र तू लिहिलं नाहीस. ते कळव.

तुझी,
आर्लिसताई

मेसा
६ फेब्रुवारी १९९४

ती. ताईस,
कोरडा पण मनापासून नमस्कार.

शेजारी ना? एक नंबर! कुणाचा कुणाला त्रास नाही. समोर उंच, पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ राहतात. पलीकडे निळ्या दाराच्या बाई आहेत, त्यांचा कुत्रासुद्धा हळू भुंकतो. गाडीतून जाताना सगळे हात हलवतात. आणखी काय हवं?

भावजींना सांग, होडी रस्त्यावरून दिसता कामा नये. गॅरेजचं दार उघडं ठेवायचं नाही, अंगणातली खडी कॉलनीच्या समितीने ठरवलेल्या रंगाचीच हवी आणि कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. सवय होते. मार्चमध्ये या आणि स्वतःच बघा. मी पाहुण्यांच्या खोलीला रंग दिला आहे. तुझा आवडता पिवळा.

तुमची वाट बघत नाही असं दाखवणारी,
व्हर्ना

डलुथ
२७ मार्च १९९४

प्रिय व्हर्ना,
आशीर्वाद. आधी पाणी पी, मग पुढचं वाच.

आम्ही तुझ्याकडे राहिलो तेव्हा तू आमचं केलंस ते आईनेसुद्धा केलं नसतं. तरीही आम्ही घर संत्रीबागेत घेतलं. यांनी परस्पर ठरवलं असं मुळीच समजू नकोस. बोट ठेवून घर मी दाखवलं.

तू केस कापायला गेली होतीस, त्या दुपारी हे तुझ्या गल्लीत काठी टेकत फिरायला निघाले, आणि ऊन लागून पदपथावर बसले. मी खिडकीतून पाहिलं आणि चपला शोधत धावले. तोवर चार घरांचे पडदे हलले, दार एकही उघडलं नाही. टोपीवाले गृहस्थ गोल्फच्या गाडीतून आले, थांबले आणि म्हणाले की इथे बसायला मनाई आहे. मी व्हर्नाची बहीण, असं सांगितलं. तर म्हणतात कसे, कोण व्हर्ना? मग थोडा विचार करून म्हणाले, हां, फिक्या गाडीवाली बाई!

दुसऱ्या दिवशी हे हट्टाने कालव्यापलीकडे गेले आणि तिथेही बसले. (पाय बरा होईपर्यंत यांना बांधून ठेवायला हवं.) तर कॉन्सुएलो बार्राझा नावाची बाई कोंबड्यांना दाणे टाकता टाकता पाणी घेऊन आली, एकाने खुर्ची आणली, आणि एका आजोबांनी नुसतं मत आणलं, की या वयात माणसाने घरी बसावं. माझा जीव तिथे रमला गं.

व्हर्ना, चार वर्षं तू तिथे राहतेस. तुझं नाव कुणाला ठाऊक नाही, हे मला सहन झालं नाही. रागाव, पण लिही.

तुझी,
ताई

मेसा
४ एप्रिल १९९४

सौ. आर्लिस हॉगन यांस,
नमस्कार.

आपले पत्र पोचले. बहिणीपेक्षा कोंबड्या जवळच्या वाटल्या, हे कळले. मला शेजाऱ्यांची गरज नाही. पिवळ्या खोलीला पुन्हा पांढरा रंग दिला आहे.

कळावे.
व्ह. स्टाव्हिग

संत्रीबाग, मेसा
१९ जून १९९४

चि. व्हर्नास,
मेल्विनचे आशीर्वाद. मला पत्र लिहिता येत नाही, चूकभूल माफ.

आम्ही राहायला येऊन महिना झाला. तुझ्या आणि आमच्या घरांमध्ये एक कालवा आणि एक रुसवा. कालव्यावर पूल आहे. तुझी बहीण रोज सकाळी दोन कप कॉफी करते आणि पुलाकडे बघत बसते. दुसरा कप मला प्यावा लागतो, छाती धडधडते. स्वतः येऊन सांगितलं असतं, पण तुमचं फाटक मला आत घेत नाही.

नातीच्या लग्नासाठी आम्ही जुलैभर डलुथला आहोत. किल्ली कॉन्सुएलोकडे आहे.

मेल्विन

आर्लिसताईच्या घरातून
१७ जुलै १९९४

ती. ताईस,
शि. सा. न. आधी पाणी पी, हे आता माझ्याकडून.

बुधवारी दुपारी धुळीचं वादळ आलं आणि आमच्या कॉलनीची वीज गेली. घरांच्या भट्ट्या झाल्या. निळ्या दारामागचा कुत्रा थांबेचना, म्हणून मी पहिल्यांदा ते दार ठोठावलं. बाई लादीवर पडलेल्या, तोंड लालबुंद, पाय चालेनात. नाव विचारलं तर ओपल म्हणाल्या. कसंबसं गाडीत घातलं आणि फाटकाशी आले, तर फाटक बंद. मोटार विजेवर ना! मागे गाड्यांची रांग. टोपीवाले म्हणजे वेंडेल टीग, समितीचे अध्यक्ष. ते म्हणाले की फाटक जबरदस्तीने उघडणं नियमात बसत नाही. मी म्हटलं, अहो, ही बाई इथे मेली तर ते कुठल्या नियमात बसवाल? आणि मी खांदा लावला. ताई, मी! मग मागच्या गाडीतली दोघं उतरली, मग आणखी. शेवटी टीगनी टोपी काढून ठेवली आणि तेही लागले. फाटक रुळावरून निसटून समितीच्या निवडुंगांवर आडवं झालं.

पुढे कुठे जायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. गाडी आपोआप पुलावर चढली. तुमच्याकडे वीज होती. कॉन्सुएलोने काही न विचारता किल्ली दिली आणि डॉक्टरला घेऊन आली. ओपल सावरली. तोवर बाकीची मंडळीही गाडीमागून तुझ्या दिवाणखान्यात शिरली. भावजींनी डलुथहून आणलेले फ्रीझरमधले मासे संपले, सगळे. टीगनी तुझा गळका नळ दुरुस्त केला, आता जरा जास्त गळतो.

शुक्रवारी वीज आली आणि बाकीचे घरी गेले. ओपल आणि मी अजून इथेच आहोत. फाटक मोडलंय म्हणून अडकलो, असं सर्वांना सांगते. खरं म्हणजे ते काल बसवलं. माझं नाव कुणाला ठाऊक नाही असं तू पत्रात लिहिलं होतंस, ते मला तेव्हाच पटलं होतं, म्हणून तर इतका राग आला.

लग्न यथासांग होऊ दे. तुम्ही आल्यावर मी लगेच निघेन, असं मात्र समजू नकोस. लोभ होता तसाच ठेव. ठेवायला तुझ्या फ्रीझरमध्ये आता भरपूर जागा झाली आहे.

तुझी,
व्हर्ना