टक् होईपर्यंत

४ मार्च
चाक निखळलं नाही, एवढंच! गाडी चांगल्या वेगात, मागे मुलगी कानात गाणी कोंबून बसलेली, आणि डावीकडून खडखड. आधी वाटलं रस्ताच तसला. मग स्टिअरिंग थरथरायला लागलं. गाडी कडेला घेतली, पुढच्या चाकाच्या नटाला हात लावला — बोटांनी फिरला. बोटांनी! मुलगी म्हणाली, "आई, आपण मेलो असतो का?" म्हटलं, नाही गं, उशीर झाला असता फक्त. गाडीतल्या साध्या पान्याने नट आवळले आणि गाडी हळूहळू घरी आणली.

परवा रविवारी ब्रेकचे पॅड बदलून चाकं सासरेबुवांनीच चढवली होती. उभा जन्म गॅरेजात गेलेला माणूस. हातातली ताकद गेली, दुसरं काय? पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?

५ मार्च
नवऱ्याला सांगितलं. पांढराफटक पडला. "बाबांना नको बोलूस काही." मग ताटाकडे बघत बसला. एरवी याला स्टेपनी कुठे असते तेही विचारावं लागतं.

६ मार्च
युक्ती सुचली. टॉर्क रेंच आणायचा! गाडीच्या पुस्तकातला आकडा पान्यावर लावायचा. नट तेवढा घट्ट झाला की पाना टक् करतो, आपण थांबायचं. नवऱ्याच्या फुशारकीसाठीही असा टक् निघायला हवा.

बाबांना सांगायचं, मला शिकायचंय. साप मेला पाहिजे, काठी मोडता कामा नये.

८ मार्च
दुकानदार म्हणाला, "साहेबांसाठी का?" म्हटलं, साहेबांना बल्ब बदलता येत नाही. त्यानंतर जरा सरळ बोलायला लागला.

आधी त्याने ट्रकवाल्यांचा सोटा काढला. "मोठा केव्हाही चांगला." त्याचा आकडा सुरू होतो तिथे माझ्या गाडीचा संपतो! मग काट्याचा दाखवला. स्वस्त, बिघडायला त्यात काही नाही, पण काटा बरोबर समोरून वाचायचा. म्हणजे प्रत्येक नटाला मी जमिनीवर लोळण घ्यायची. डिजिटलला सेल लागतात, आणि आमच्या घरात सेल टीव्हीच्या रिमोटलाही मिळत नाहीत. शेवटी टक् करणाराच घेतला. माझा आकडा ज्याच्या पट्टीत साधारण मधोमध येतो तो, कारण अगदी टोकाला हे पाने खोटं बोलतात म्हणे. दांडा हातभर लांब. घरी येईपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते. दुकानदाराने दोनदा बजावलं, काम झालं की आकडा उतरवून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग मरते.

९ मार्च
फसला डाव.

बाबांनी पाना हातात घेतला, उलटसुलट केला. "हा बोलतो?"
"हो बाबा. मला शिकवा ना."
"कोणतं चाक सैल निघालं?"

मुलीने सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. मी सांगितलं, डावं पुढचं. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे, सूनबाई. चूक झाली. आता तूच बघत जा." आपले सगळे पाने फडक्याने पुसले, पेटीत ठेवले, पेटी माळ्यावर टाकली. नवरा दारात उभा राहून बघत होता.

मला हवं होतं तेच झालं. मग सारखं माळ्याकडे लक्ष का जातंय?

१३ मार्च
शेजारी स्कूटर घेऊन आला. बाबा म्हणाले, "मी सोडलं ते काम." आणि परत टीव्हीसमोर. केक कसा करायचा ते बघत होते! आधी हसू आलं, मग न्हाणीघरात जाऊन रडले. मी त्या माणसाला घरातल्या घरात निवृत्त केलं.

१६ मार्च
चाकं तपासायला डिकीतून जॅक काढला. स्टेपनीच्या खाली, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला — टॉर्क रेंच! माझा नाही. जुना.

नवऱ्याला बाहेर बोलावलं. बनियन बघूनच ओशाळला. गेली दोन वर्षं हे चालू आहे! बाबांनी चाकं चढवली आणि ते दुपारचे आडवे झाले, की हे महाशय सगळे नट सोडणार आणि या पान्याने पुन्हा आवळणार. "बाबांचा हात आता पूर्वीसारखा नाही. त्यांना वाईट वाटायला नको म्हणून..."

आणि पाना? आकडा लावलेला, तसाच डिकीत. दोन वर्षं. एक नट सैल करून त्यावर दोन्ही पाने लावून पाहिले. त्याचा टक् म्हणाला, त्यानंतर माझ्याने तो नट अर्धा फेरा तरी फिरवला. स्प्रिंग केव्हाच मेलेली! म्हणजे बाबांनी घट्ट केलेले नट या दिवट्याने सैल केले. आणि बाप पेटी माळ्यावर टाकत होता तेव्हा मूग गिळून उभा राहिला. "मला शंका आली होती गं, पण धीर झाला नाही," म्हणे. म्हटलं, उद्या तू बोल, नाहीतर मी बोलते.

१७ मार्च
बोलला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, लपायचं नाटकही केलं नाही. बाबांनी टीव्ही बंद केला.

"माहीत आहे. दर वेळी तू ऑफिसला गेलास की मी पुन्हा आवळायचो. त्या सोमवारी तापाने पडलो होतो, राहून गेलं. तेवढी चूक माझी."

मी मध्येच विचारलं, बाबा, मग दोन वर्षं बोलला का नाहीत?

"गॅरेजात कधी पाऊल टाकलं नाही याने. आता कुठे हात काळे करायला लागला होता. बोललो असतो तर सोडून दिलं असतं."