शिवेवरचं तळं

१४ ऑगस्ट, सेलू
व्हिसा आला. मनूचा पुण्याहून फोन, "बाबा, आता नाही म्हणू नका." कोण म्हणतंय नाही? आईच्या साठीनिमित्त लेकीने आम्हा दोघांना पेरू देश दाखवायचं ठरवलंय. हिच्यामुळे माझीही वर्णी लागली.
शेजारच्या जिजाबाईंना हिने सांगितलं, पेरूला चाललो. म्हातारी म्हणाली, "पेरूपायी इमानात बसायलाव? पाथरीच्या बाजारात ढीग पडलेत की." ही दिवसभर आठवून आठवून हसते आहे.

१७ ऑगस्ट
डॉक्टर. बी.पी. ठीक. "साडेबारा हजार फुटांवर दम लागणार, गुरुजी. पायऱ्या सावकाश." या उंचीवरचं टिटिकाका सरोवर तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं, आता त्याच्याच काठावर मला धाप लागणार.
चौकात एक जुना विद्यार्थी भेटला, आता जिनिंगवर मुनीम आहे. "काय टिटिकाका, चाललात म्हणे काकाला भेटायला?" शाळेत असताना माझ्या पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. बरं वाटतं. पण हे नाव मला कोणत्या दिवशी चिकटलं ते त्याला आठवत नसावं. मला आठवतं.

१८ ऑगस्ट
काल लिहायचं टाळलं, आज लिहितो.
पालमजवळच्या वाडीची शाळा, सातवीचा वर्ग. शेवंता, मेंढपाळाची पोर, वर्गात पहिली. टिटिकाका कोणत्या देशात? उत्तर हवं होतं पेरू. तिने लिहिलं "पेरू आणि बोलिव्हिया". मी चूक दिली. ती नकाशासंग्रह घेऊन टेबलापाशी आली. "गुर्जी, रेघ पाण्यातनं जायलीय. आमच्या वाडीचं तळं बी शिवंवर हाय. दोनी गावची मेंढरं पेत्यात. तळं दोनी गावाचं." मागच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब बसलेले. मी ओरडलो, "टिटिकाका पेरूत! पेरूत!" आणि तिला वर्गाबाहेर उभं केलं. पोरांनी माझं नाव त्याच दिवशी ठेवलं.
संध्याकाळी घरी नकाशासंग्रह उघडला. रेघ पाण्यातूनच जात होती.
सकाळी सांगायचं ठरवलं, सांगितलं नाही. मग दिवाळी आली. तिच्या घरचे ऊसतोडीला गेले. ते परतले, ती शाळेत परतली नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. ती माझ्यामुळे आली नाही की उसामुळे, हे मी कधी विचारलं नाही.

१० सप्टेंबर
बॅगा भरणं चालू. हिने काय काय घेतलं: ठेचा, दशम्या, घोंगडी आणि लोकर कातायची टकळी. मी म्हटलं, टकळी कशाला? "तिकडं मेंढरं हायती म्हनलाव ना? मग." हीही मेंढपाळाचीच लेक, हिच्यापुढे वाद घालण्यात अर्थ नाही. टकळी मोठ्या बॅगेत गेली.

१५ सप्टें., लिमा
पोहोचलो. दिवस किती, रात्री किती, हिशेब लागत नाही. समुद्र आहे, पण वर सगळं धुरकट. वाटाड्या सांगतो, महिनोन् महिने आभाळ असं, आणि पाऊस जवळपास नाहीच. वर्गात हेच शिकवायचो: थंड प्रवाह, किनाऱ्यावर वाळवंट. खरं निघालं. उगीच अभिमान वाटला, जणू प्रवाह मीच सोडलाय.

१८ सप्टें., कुस्को
दम. दहा पावलं, एक थांबा. कोकाच्या पाल्याचा चहा देतात, चव आपल्या काढ्यासारखी, बरा लागतो.
जुन्या भिंती बघितल्या. एकेक दगड बैलाएवढा, मधे चुना नाही, माती नाही, सुरीचं पातं शिरत नाही. एका दगडाला बारा कोपरे. मी मोजले, अकरा भरले. हिने मोजले, बारा. गटातल्या औरंगाबादच्या जोशीबाई म्हणाल्या, गुरुजी चुकले. ही म्हणाली, "चुकत्यात. फकस्त कबूल करीत न्हाईत." सगळे हसले. मीही.

२० सप्टें., माचूपिच्चू
सकाळी धुकं, काही दिसेना. मग पडदा बाजूला केल्यासारखं झालं आणि सगळं गाव खाली. शब्द नाहीत, तेव्हा लिहीत नाही. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, एकेक बांध शाबूत. आपल्याकडे दोन पावसाळ्यांत बांध फुटतो.
लामा हिंडत होते. हिने नीट पाहून घेतलं. "मान उंटाची, अंग मेंढराचं, अन् बघायलंय आत्याबाईवानी." माझी आत्या खरंच तसं बघायची.

२३ सप्टें., पुनो
आलो. टिटिकाका.
निळं. नकाशात निळं असतं ते छापखान्याचं निळं, असं समजत होतो. इथे तसंच आहे. काठावर दगडावर बसलो. रडू आलं, कारण नीट सांगता येणार नाही.
दुपारी लव्हाळ्याच्या बेटांवर. लोक लव्हाळे कापून थरावर थर रचतात आणि त्यावरच घरं बांधतात. पाय ठेवला की कडब्याच्या गंजीवर चालल्यासारखं दबतं. खालचं कुजत जातं, वरून नवं घालत राहायचं. बाईने लव्हाळ्याचा पांढरा कोंब सोलून खायला दिला. गोडसर.

२४ सप्टें., ताकिले बेट
आजचा दिवस हिचा.
बेटावर पुरुष टोप्या विणतात, चालता चालता, गप्पा मारता मारता. बायका लोकर कातायला. हिने पिशवीतून टकळी काढली आणि एका म्हातारीशेजारी जाऊन बसली. म्हातारीने हिची टकळी घेऊन बघितली, आपली हिच्या हातात दिली. नंतर घोंगडी चाचपली, उलटी केली, गाठ शोधली. तास-दीड तास दोघींची टकळी चालू, हातातलीही आणि तोंडातलीही. ही मराठीत, ती तिच्या बोलीत. मी विचारलं, काय बोलत होतीस? "सुना." निघताना घोंगडी म्हातारीला देऊन आली.
वर चढल्यावर वाटाड्याने पलीकडचे बर्फाचे डोंगर दाखवले. ते बोलिव्हियात. सीमा पाण्यातून जाते. मी डोळे बारीक करून बघत राहिलो. पाण्यावर रेघ कुठे असते? दोन्ही काठचे लोक मासे धरतात.
ही हळूच म्हणाली, "पोरगी खरं बोलत व्हती." मी दचकलो. हिला मी कधीच सांगितलं नव्हतं. "त्या सांजंला तुमी नकाशा उघडून बसलाव, जेवलाव न्हाईत. दुसऱ्या दिशी शेवंताच्या मायनं मला सगळं सांगितलं." अठ्ठावीस वर्षं गप्प राहिली. मी विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, "तुमी बोलाल म्हनून वाट बघायले."

३ ऑक्टो., सेलू
घरी. भाकरी. जिजाबाईंनी विचारलं, पेरू गोड होते का? म्हटलं, लय गोड.
चौकशी केली. शेवंता त्याच वाडीत आहे, घरची पंधरा-वीस मेंढरं. वाडीतच दिली, मामाच्या मुलाला, म्हणून गाव सुटलं नाही. दरवर्षी तोडीला जाते. मुकादमाचा ट्रक या आठवड्या-दोन आठवड्यांत. उशीर करून चालणार नाही.

१० ऑक्टो.
जाऊन आलो, दोघं.
तळ्याकाठीच सापडली, मेंढरं पाण्यावर घेऊन. केस पिकलेत. "गुर्जी? टिटिकाका गुर्जी?" आणि पदराने तोंड झाकून हसली. घरी नेलं, चहा केला. लोक, डोंगर, लव्हाळ्याची बेटं, सगळं सांगितलं. तिने एकेक गोष्ट खोदून विचारली. बेट बुडत कसं न्हाई? लामाची लोकर वर्सातून किती येळा कातरत्यात? वर्गात पहिली होती ती उगीच नव्हे.
मग म्हटलं, "शेवंता, तुझं बरोबर होतं. तळं दोन्हीकडचं आहे. बघून आलो."
ती म्हणाली, "ते मला तवाच ठावं व्हतं, गुर्जी. तुमाला कवा कळलं?"
मी म्हणालो, "आत्ता. तिथं गेल्यावर."
कसं निघालं तोंडातून, कळलं नाही. ती "हां" म्हणाली आणि कपबशा उचलल्या. शाळा का सोडली ते विचारायला गेलो होतो, विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार?
परतीच्या गाडीत ही खिडकीबाहेर बघत होती. माझ्या ओळखीचं गप्प बसणं.

११ ऑक्टो.
जेवण गेलं नाही. हिने ताट उचललं. "आता अजून अठ्ठावीस वर्सं हायती का आपल्याकडं?"
नाहीत.

१२ ऑक्टो., सेलू स्टँड
सातची पालम गाडी. ही सोबत आहे. "मी येते. पर बोलायचं तुमी." नकाशासंग्रह पिशवीत घेतलाय, तोच जुना, पाठ उसवलेला. ट्रक आज येणार की उद्या, शेवंतालाही परवा नक्की माहीत नव्हतं. कदाचित गेलीही असेल.
बोलायचं एवढंच आहे: "त्याच संध्याकाळी." तीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं, आज बाकावर बसून मी पाठ करतोय. ही म्हणते, ओठ हलायलेत तुमचे.
गाडी फलाटाला लागली.