लग्न लागल्यावर उठायचं नाही

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
गुरुवार, ९ नोव्हेंबर १९७८

ती. मामांच्या चरणी जावई गुरुसिद्धप्पाचा सा. न. वि. वि.

बातमी पक्की आहे. इंग्रज गुप्तहेराच्या नव्या सिनेमाच्या पेट्या आज सकाळी मुंबईच्या गाडीने स्टेशनावर उतरल्या. टॉकीजचा ऑपरेटर येडू याने त्या स्वतः टांग्यात चढवल्या आणि तसाच धावत आमच्या पंपाच्या दुकानात येऊन मला सांगितलं. येत्या रविवारी सकाळी साडेनऊचा खेळ.

याहून मोठी बातमी पुढेच आहे. येडूचा मेहुणा पुण्याच्या टॉकीजमध्ये असतो. तो सांगून गेला की या सिनेमात गुप्तहेराच्या बायकोचा विषय निघतो. खरंच का, असं मी चारदा विचारलं. व्हय, निघतोय की, म्हणून येडूने गळ्याला हात लावला. मामा, मधले तीन सिनेमे आले नि गेले. नट बदलला, मोटारी बदलल्या, पोरी तर दर रिळाला बदलल्या. पण बायकोबद्दल चकार शब्द नाही. आणि आता निघतोय!

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी आज लिहावंसं वाटतं. त्याच्या लग्नाचा सिनेमा आला तेव्हा आमचं लग्न नुकतंच झालं होतं. पडद्यावर त्याचं लग्न लागलं, नवरानवरी मोटारीकडे निघाली आणि निम्मी टॉकीज उठली. लग्न लागलं म्हणजे पिक्चर संपला, हीच आपली रीत. महानंदा तर चपला घालून जिन्यात पोचली. येडूने तिला तिथेच अडवून सांगितलं की वहिनी, अजून एक रीळ हाय, त्यात नवरीला गोळी लागते. त्यावर ती म्हणाली, लग्न लागलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, गोळी काही पाहिली नाही. मी पाहिलं नाही ते झालं नाही. आणि गेली खाली.

पुढच्या सिनेमात तो दुसरीच्या गळ्यात पडला, तेव्हा महानंदाने ठरवलं की बायको माहेरी गेली असणार. त्याच्या शर्टाची बटणं मला मोजायला लावली. एकही तुटलेलं नाही, म्हणजे घरात कुणीतरी आहे. नट का बदलला, तर लग्नानंतर पुरुषाचा चेहरा बदलतोच, माझाही बदललाय म्हणे. आणि तुम्ही मैंदर्गीहून तिला पत्रातून डिवचायचा, की बाई, याला बायको असती तर सरकारकडे कधीतरी रजा मागितली असती.

तेव्हा रविवारी तुम्ही यायलाच हवं. दोन वर्षांत सोलापुरात तुमचं पाऊल पडलेलं नाही.

आईच्या आग्रहावरून गेल्या रविवारी अकलूजला मुलगी पाहून आलो. मंडळी चांगली आहेत. तिकडे ऊसही चांगला आहे.

लोभ आहेच, तो उन्हाळ्यातही आटू नये.

आपला,
गुरुसिद्धप्पा

———

मैंदर्गी,
शनिवार, ११ नोव्हेंबर १९७८

चि. गुरुसिद्धप्पा यांस बसलिंगप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. समोर निंगव्वा गुळाला आली होती. शेवटी तिनेच ढेप तराजूत टाकली आणि शेठ, लॉटरी लागली का, म्हणून विचारलं. तिला काय सांगू? गुप्तहेराची बायको निघाली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, कुठं निघाली?

माझी पैज लिहून ठेवा. या खेपेला तो पाच मिनिटं तरी बायकोबद्दल बोलणार. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदा बाहेर येतंच. तो नेमकं काय म्हणतो ते शब्दाला शब्द कळवा. मला यायला जमेलसं वाटत नाही. भुईमुगाचा बाजार ऐन भरात आहे आणि गुडघाही धरलाय.

आता दुसरं. अकलूज तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत. त्यातलं एक उसाचं. उसाची चौकशी मी केली नव्हती, जावईबापू.

मुलीचे मामा शिवलिंगप्पा इथे बाजाराला येतात, हे तुमच्या ध्यानात राहिलं नसेल. ते काल दुकानात बसून गेले. सांगत होते, मुलगी शाळेत शिकवते, सुंदरम्मा नाव. तुम्हाला तिने एकच गोष्ट विचारली, पहिल्या बाई स्वभावाने कशा होत्या. तुम्ही एस.टी. चुकेल म्हणालात आणि बशीतली चुरमुऱ्यांची सुशीला अर्धी टाकून उठलात. एस.टी.ला अजून दीड तास होता म्हणे. स्टँडवर बाकावर बसलेलं तिच्या भावाने तुम्हाला पाहिलं.

त्यांच्या घरात आता दोन तट पडलेत. एक म्हणतो, हा बायकोला मारत असणार. दुसरा म्हणतो, ती याला मारत असणार. मुलीचं म्हणणं मात्र वेगळं आहे. ज्या घरात पहिलीचं नाव निघत नाही, तिथे दुसरीचं तरी किती दिवस निघेल, असं ती म्हणते. पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहून ते लोक अक्कलकोटचं स्थळ बघणार आहेत.

तुम्ही लग्न करावं ही माझीही इच्छा आहे, हे मी कधी लिहिलं नाही, आज लिहितो. आणि एक सांगतो. माझी मुलगी काही फडताळात दडवून ठेवायची वस्तू नव्हती. ती बोलायला लागली की अर्धी गल्ली ऐकायची.

पत्र लवकर धाडा. उशीर केलात तर पैज मी जिंकली असं धरून चालेन.

बसलिंगप्पा

———

सोलापूर,
सोमवार, १३ नोव्हेंबर १९७८

ती. मामांना सा. न. वि. वि.

पैज हरलात. पाच मिनिटं सोडा, अख्खं वाक्यसुद्धा नाही. अर्धं वाक्य!

सविस्तर सांगतो. काल आठ वाजताच टॉकीजसमोर गिरणीतली पोरं, कॉलेजची पोरं आणि पानवाले असा सगळा बाजार उभा होता. बाल्कनी फुल्ल. पहिल्या रिळात गुप्तहेर बर्फावरून असा काही उडतो की माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने माझा गुडघा धरला, तो त्याची मोटार पाण्यात शिरेपर्यंत सोडला नाही. लई शिट्ट्या. मी मात्र बायको कधी निघते याची वाट पाहत बसलो होतो.

तिसऱ्या रिळात निघाली. मोठं हॉटेल आहे. परक्या देशाची एक गुप्तहेर बाई त्याच्यासमोर बसते आणि तुझं सगळं मला पाठ आहे म्हणून सुरू करते. नाव, हुद्दा, कुठे कुठे कामगिरी केली. मग म्हणते, एकदा लग्न झालं, बायकोला गोळी लागून... तेवढ्यात तो म्हणतो, बस्स. तोंडावरचं हसू पुसल्यासारखं जातं. तो ग्लास खाली ठेवतो आणि निघून जातो.

ग्लास अर्धा भरलेला होता, मामा.

मागून कुणीतरी ओरडलं की आता हाणामारी लावा. सगळे हसले. मी त्या ग्लासाकडे बघत होतो. मला तिथे सुशीलेची बशी दिसली. तुमचं पत्र तर तोवर आलंही नव्हतं, आज आलं.

बाहेर पडताना वाटलं, महानंदा असती तर म्हणाली असती, बघा, मी जिंकले. ती घरात नसती तर हा एवढा भडकला कशाला असता?

तिचा हा आवाज मला दोन वर्षांनी इतका स्वच्छ ऐकू आला की मी घरी न जाता दुकान उघडलं, आणि रविवार असूनही काउंटरवर बसून अकलूजला पत्र लिहिलं. तिने विचारलेल्या गोष्टीचं उत्तर. महानंदा आमटीत मीठ विसरायची आणि मी तसं सांगितलं की, चव विसरलात तुम्ही, असं म्हणायची. भांडताना कानडीत जायची, म्हणजे आईला कळावं. बटणांचं लिहिलं. येडूचं, जिन्याचं आणि या अर्ध्या वाक्याचं लिहिलं. काविळीचे शेवटचे दिवस लिहिले, ते मी आजवर तुमच्यापाशीही काढले नव्हते. शाई संपली तेव्हा दुकानाच्या पेन्सिलीने पुरं केलं.

पत्र पेटीत टाकून झाल्यावर ध्यानात आलं की ती तुमची मुलगी, आणि मी तुम्हाला विचारलं नाही. रागवायचं असेल तर रागवा. तिकडून नकार आला तरी हरकत नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. हरकत आहे.

येडू आत्ताच सांगून गेला: गर्दी पाहून मालकाने लग्नाचा जुना सिनेमा पुन्हा मागवलाय. २६ तारखेला, सकाळी.

आपला,
गुरुसिद्धप्पा

———

अकलूज,
गुरुवार, १६ नोव्हेंबर १९७८

श्री. गुरुसिद्धप्पा यांस सुंदरम्माचा नमस्कार वि. वि.

हे पत्र आप्पांना दाखवून टाकते आहे, तेव्हा संकोच नको.

तुमचं पत्र घरात मोठ्याने वाचलं गेलं. बटणांपाशी आई इतकी हसली की चुलीवरचं दूध गेलं. काविळीपाशी मी वाचायचं थांबले, पुढचं भावाने वाचलं. पेन्सिलीचा भाग आप्पांना लागला नाही, तो त्यांनी उजेडात जाऊन पुन्हा वाचला. संध्याकाळी अक्कलकोटच्या लोकांना नाही म्हणून तार करून आले.

मी चौथीला शिकवते. अर्ध्या वाक्याला मी अर्धेच गुण देते, तेव्हा तुमच्या गुप्तहेराचं अवघड आहे. त्या सिनेमावाल्यांचं मला नवल वाटतं. एवढं वाजतगाजत लग्न लावलं, आणि मग बाईला एका ओळीत बसवलं. तीही पुरी होऊ दिली नाही. तरी अजिबात न निघण्यापेक्षा बरं. पुढच्या सिनेमात पूर्ण वाक्य म्हणतो का ते पाहू.

महानंदाताई मला आवडल्या. तुमचं अजून ठरायचंय.

ठरवायला एक अट आहे. तो लग्नाचा सिनेमा तिथे पुन्हा लागेल तेव्हा मला पाहायचाय. भाऊ सोबत येईल. आणि ताईंचे वडील तिथे असावेत. तुम्ही ताईंचं नवऱ्याच्या बाजूने लिहिलंत. लहानपणीचं मला त्यांच्या वडिलांकडून ऐकायचंय.

लोभ अजून जमायचाय, तेव्हा वाढवा म्हणत नाही.

सुंदरम्मा

———

मैंदर्गी,
मंगळवार, २१ नोव्हेंबर १९७८

चि. गुरुसिद्धप्पा यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आणि त्यासोबत धाडलेलं सुंदरम्माचं, दोन्ही मिळाली. तिचं तीनदा वाचलं. शेवटची ओळ वाचून हसलो. महानंदा असती तर या मुलीला मैत्रीण केली असती आणि दोघींनी मिळून तुमची बटणं मोजली असती.

रागवायचं म्हणाल तर रागावलो होतो. माझ्या मुलीचं परक्या घरी वाचलं गेलं म्हणून दुपारभर गिऱ्हाइकांवर खेकसलो. मग विचार केला, तिच्यावर हसून दूध घालवणारं घर परकं कसं?

भुईमूग विकला गेलाय आणि गुडघ्याला काही झालेलं नाही. दोन वर्षं मी सोलापूरला आलो नाही, कारण ती नसलेलं तुमचं घर मी अजून पाहिलेलं नाही. पाहिलं नाही ते झालं नाही. हा न्याय तिने माझ्याकडूनच उचलला असणार.

रविवारी पहिल्या एस.टी.ने येतो. अकलूजची मंडळी आदल्या दिवशी सुंदरम्माच्या मावशीकडे उतरणार आहेत, असं शिवलिंगप्पांनी सांगितलंय. बाल्कनीची चार तिकिटं येडूकडून धरून ठेवा. तुमच्या दोघांच्या मधे मी बसणार. सिनेमा चालू असताना मी बोलतो, हे मुलीला आधी सांगून ठेवा.

त्याचं लग्न लागलं की लोक उठतील, खुर्च्या आपटतील, पुढ्यातून जातील. जाऊ द्या. आपण कुणी उठायचं नाही. शेवटचं रीळ बसून पाहायचं, पडदा पांढरा होईपर्यंत. मग चौघं तुमच्या घरी जाऊ. तुमच्या आईला चहा टाकायला सांगा, आणि दार मला उघडू द्या.

तुमचा,
बसलिंगप्पा