काळजी, म्हणजे तुमची कुरा

सिस्टरबाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की मिशनच्या दवाखान्यात तुम्हाला पाहिलेलं आता कोणी उरलं नसेल. मी मात्र आज सकाळपासून तुमच्याशीच बोलते आहे. माझी एकुलती एक पोर मोतीझऱ्याच्या तापाने अंथरुणाला खिळली होती. नागपूरला शिकलेला डॉक्टर बाजाराच्या दिवशी आमच्या वरवटला येतो. त्याने तिचं पोट चाचपलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "बाई, या तापाला औषध नाही. पातळ पाजा, अंग पुसत राहा, आणि तिला हलवू नका. आतडं नाजूक झालंय, धक्क्याने फाटेल." एवढं बोलून तो सायकलवर बसून निघाला. तुमच्या हाताखाली राहून मी कितीतरी लोकांचे ताप उतरताना पाहिले होते, आणि तीच मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

तेव्हा तुमचं स्वयंपाकघर आठवलं. पहिला नवरा वारला आणि बापाने मला तुमच्याकडे कामाला ठेवलं, त्या दिवसांतलं. चुलीवर तांदळाची पेज शिजते आहे, तुम्ही पळी फिरवता आहात. तुमचं मराठी रोग्यांकडून शिकलेलं, म्हणून अस्सल आमच्याकडचं. मी विचारते, "त्या तापाच्या बाईले औषध काऊन नाई देत?" तुम्ही म्हणता, "देऊन राह्यली ना. कुरा." मला वाटलं, कुरा म्हणजे एखादी मुळी असेल. मग तुम्ही सांगितलं, तुमच्या डोंगरापलीकडे इटलीत कुरा म्हणजे इलाज. तुमच्या फ्रेंचमध्ये तोच शब्द क्यूर, आणि गावच्या पाद्र्याला क्यूरे म्हणतात, कारण गावातले जीव त्याच्या हवाली केलेले असतात. स्पेनमध्ये तर पाद्रीही कुरा आणि इलाजही कुरा. "या साऱ्या भाषा लॅटिनच्या लेकी," तुम्ही म्हणालात. "अन् मायकडे याचा अर्थ काय?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "चिंता. जिवाले घोर लागते, थो. तुमच्यात हाये का असा शब्द?" मी पेजेकडे बघत विचार केला आणि म्हटलं, "काळजी. करतो बी तेच, घेतो बी तेच." तुम्ही पळी हातात धरून इतक्या मोठ्याने हसलात की पलीकडच्या खोलीतल्या बायका उठून बसल्या.

पण त्याच शब्दावरून तुम्ही मला रागावलातही. माझ्याच वयाची एक बाळंतीण तापात बरळत होती आणि मी तिच्या पायाशी बसून डोळे गाळत होते. तुम्ही आलात, माझ्या हातात वाटी-चमचा दिला. "तू काळजी करून राह्यली, का घेऊन राह्यली? दोन्ही संग नाई होत. उठ." मला फार राग आला होता. ती बाई वाचली नाही, पण तिचे ओठ शेवटपर्यंत ओले होते. पुढे साथीत तुम्ही स्वतः पडलात तेव्हा तुमचेही ओठ मी तसेच ओले ठेवले, आणि रडले नाही.

आज मात्र तुमच्याशी भांडावंसं वाटतं. दोन्ही संग होत नाही असं तुम्ही म्हणालात, कारण तुम्हाला पोटची पोर नव्हती. मी पोरीला पेज भरवत होते आणि जिवाचा घोरही सुटत नव्हता. पोर बरळायला लागली त्या दिवशी तिच्या बापाने अंगणात बैल जुंपले. "मी तिले शेगावले नेऊन राह्यलो. तेथून रेल्वेनं अकोल्याले."

"नाई न्यायचं. गाडीतच मरन थे."

"अन् घरात?" तो म्हणाला. "घरात मेली तं काय करशीन?"

मी उंबरठ्यावर आडवी बसले. माझं चुकत असलं तर पोर माझ्याच हाताने जाणार, हे मला ठाऊक होतं, आणि त्यालाही. तो बैल सोडून गोठ्यात गेला. तिथून त्याच्या रडण्याचा आवाज येत राहिला आणि मी आत जाऊन पोरीची कूस बदलली.

परवा ताप उतरला. काल तिने वाटीभर पेज मागून घेतली. सगळी आळी बघून गेली. आज सकाळी तिच्या पाठीमागे माझ्या हातातून परात सुटली, भांड्यांवर आदळली, आणि पोर भिंतीकडे बघत तशीच बसून राहिली. मी हाक मारली, मग ओरडले. समोर जाऊन बसले तेव्हा ती हसली आणि माझ्या ओठांकडे टक लावून बघू लागली. सिस्टरबाई, तिला ऐकू येत नाही.

हा कागद मी कुठे धाडणार? पण दुसऱ्या कोणाशी हे बोलवत नाही. तापात तिने बापाकडे भाकर मागितली होती आणि माझ्या सांगण्यावरून त्याने दिली नव्हती, म्हणून ती रुसली असं त्याला वाटतं. तो आत्ता ओसरीवर तिच्या पाठीमागे बसून तिला एकेका लाडाच्या नावाने हाका मारतो आहे. मी इथे लिहीत बसले आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.