इजिप्त ते आरमोरी

रविवार, १४ मार्च १९९९

आजपासून रोजनिशी. कारण एकच: पुरावा. अन्नपूर्णेची फजिती होईल तेव्हा तारीखवार नोंद हाताशी असावी.

घटना अशी. महिला मंडळाचा मेळावा ११ एप्रिलला. मुख्य व्याख्यान: 'सुगंधोपचार, इजिप्त ते आरमोरी'. वक्त्या, सौ. अन्नपूर्णा. हीच अन्नपूर्णा आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या हाताखाली बोर्डावर बसायची आणि चंद्रपूरचा कॉल चिमूरला जोडायची. आता नागपूरला तीन दिवसांचा कोर्स केला, सर्टिफिकेट लॅमिनेट केलं, पुढच्या खोलीत पडदा टांगला. झालं अरोमाथेरपी सेंटर.

इजिप्त तिला सांगितलं कोणी? मी. दुपारी बोर्ड शांत असला की मीच सांगायचे, तिथल्या देवळांत संध्याकाळी कायफीची धुरी करत, त्यात मध, मनुका, गंधरस असा सगळा माल असे. ती ऐकता ऐकता शेंगदाणे सोलायची. शेंगदाणे तिचे, इजिप्त माझं. व्याख्यानाच्या पत्रिकेत माझं नाव शोधलं. नाही.

मंडळाच्या अध्यक्ष गिरजाबाईंना विचारलं. म्हणाल्या, बाई, तुमच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली जी. मी सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायला नव्हे.

निश्चय: अन्नपूर्णेशी आजपासून बोलणं बंद. आणि त्या स्टेजवरचा माइक माझ्या हातात आला पाहिजे.

सोमवार, १५ मार्च

प्लॅन तयार. अन्नपूर्णा नागपूरहून आणलेलं लव्हेंडर विकते. इथे कोणी लव्हेंडर पाहिलंय? मी आरमोरीचा अर्क काढणार. मोहाचा. जगाच्या इतिहासात रोमन लोकांनी गुलाब घेतला, अरबांनी लोबान घेतला, चिन्यांनी कस्तुरी घेतली, मोहाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आपल्या जंगलात सडा पडतो आणि लोक त्याचं काय करतात ते लिहिण्यासारखं नाही.

मेळाव्यात तिचं भाषण संपलं की उठायचं, बाटलीचं बूच काढायचं. हॉल दरवळेल. बाया मागे वळून बघतील. मग मी शांतपणे माइककडे चालत जाईन.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, सूडबुद्धी धरू नये. सिस्टरांना अन्नपूर्णा भेटली नव्हती.

गुरुवार, १८ मार्च. पाडवा.

कामवाली गोकुळा तिच्या गावाहून दोन टोपल्या मोहफुलं घेऊन आली. पिवळसर, रसाळ. तिनं विचारलं, बाई, भाजून खाता का वाळवता? मी म्हटलं, पिंपात भिजवणार. ती म्हणाली, किती दिवस? मी म्हटलं, फुगून वर येईपर्यंत. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, मले काई मालूम नाई जी, मी काई पाह्यलं नाई.

शास्त्रीय प्रयोगाची लोकांना भीतीच वाटते.

जिल्ह्यात दारूबंदी आहे हे मला ठाऊक आहे. ती आणणाऱ्या मोर्चात मीही होते, चप्पल तुटेपर्यंत चालले. पण दारू गाळणारा दारू गाळतो, मी सुगंध काढते. हेतू महत्त्वाचा.

संध्याकाळी अन्नपूर्णा फाटकाशी आली. बाई झोपल्या म्हणून सांगायला लावलं. शेंगदाण्यांची पुडी ठेवून गेली. लाच. खाल्ले, कारण वाया घालवणं पाप.

मंगळवार, २३ मार्च

पिंप जिवंत झालं आहे. फेस, बुडबुडे, रात्रंदिवस फसफस. हिलाच मुरवण म्हणत असावेत. वास गोड, जड आणि काहीसा प्रौढ.

आणि परिणाम दिसू लागला. आमच्या एक्स्चेंजचा जुना लाइनमन शालिकराम रोज संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून डोळे मिटून दीर्घ श्वास घेतो. चेहऱ्यावर अशी शांती मी त्याच्या नोकरीत कधी पाहिली नाही. आज विचारलं, कसं वाटतं? म्हणाला, बाई, तुमी एवढं करून राह्यल्या तं आमच्यासारख्याची काळजी मिटली. कवा निघते?

पहिला पेशंट. अन्नपूर्णेकडे कोणी असं रोज येतं का?

शनिवार, २७ मार्च

कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेत फुलं घालतात, बांबूच्या नळीनं वाफ भपका नावाच्या भांड्यात उतरवतात. माझ्याकडे प्रेशर कुकर आहे. नळीसाठी फ्रिज रिपेअरवाले गफ्फारभाई यांच्याकडे गेले. तांब्याची नळी पाहिजे, वेटोळ्याची.

गफ्फारभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, बाई, अशी नळी नेणारा अंधारात येते, तुमी भर बाजारात आल्या. मी म्हटलं, अरब हकिमांनी गुलाबजल याच विद्येनं काढलं, हजार वर्षांपूर्वी इब्न सीनाचं नाव त्यासाठी घेतात, तुम्हाला अभिमान वाटायला हवा. ते म्हणाले, अभिमान हाय जी, पण पोलीस त्यायले नाई, मले इचारते. नळी दिली. पिशवीत गुंडाळून, वर कोथिंबीर ठेवून.

माणूस सभ्य आहे, थोडा घाबरट.

अन्नपूर्णा पुन्हा आली होती. गोकुळेजवळ निरोप: बाईले म्हणा, इजिप्तचं थोडं इचारायचं हाय, मले लिहिता येऊन नाई राह्यलं. बघा. उघड उघड हेरगिरी.

शुक्रवार, २ एप्रिल. गुड फ्रायडे.

आज क्षमेचा दिवस. शाळेच्या सवयीनं अन्नपूर्णेला क्षमा करून पाहिली. दुपारपर्यंत टिकली. मग तिच्या सेंटरवरून गेले तर दारात नवी पाटी: 'डिप्रेशन, गुडघेदुखी, कौटुंबिक कलह यांवर सुगंधी इलाज'. कौटुंबिक कलहावर. हिच्या घरात सासू-सुनेचं ताट वेगळं आहे.

क्षमा परत घेतली.

रविवार, ४ एप्रिल

अर्क काढला.

आधी स्वच्छता. सिस्टरांनी शिकवलेलं एक वाक्य मी आयुष्यभर पाळलं: उकळल्याशिवाय काहीही वापरू नये. म्हणून भिजवण मोठ्या पातेल्यात, झाकण न ठेवता, चांगलं तासभर खळखळ उकळून घेतलं. मग कुकरमध्ये. खिडक्या उघड्या होत्या. शालिकराम कुंपणाशी होता, सोबत अनोळखी चार जण. उकळताना तो अस्वस्थ झाला. म्हणाला, बाई, झाकण तरी ठेवा, सगळी हवेत चालली. मी म्हटलं, जंतू मरताहेत. तो म्हणाला, जंतू नाई बाई, जीव चालला. चौघांपैकी एकजण खाली बसला.

एवढी भावनिक प्रतिक्रिया मला अपेक्षित नव्हती.

कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवायला सायकलची ट्यूब वापरली. दोन बाटल्या उतरल्या. रंग ढगाळ. वास पहिल्यांदा रबराचा, मग जळक्या गुळाचा, आणि अगदी शेवटी, थांबलं तर, मोह. एका फ्रेंच केमिस्टनं भाजलेला हात लव्हेंडरच्या तेलात घातला आणि तिथून ही थेरपी सुरू झाली असं सांगतात. माझाही हात नळीला भाजला. अर्क लावला. आग वाढली. म्हणजे गुण आहे.

पिंपात अजून निम्मी भिजवण शिल्लक. मेळाव्यानंतर मागणी वाढली तर लागेल.

गुरुवार, ८ एप्रिल

काय झालं ते नीट लिहिते.

सकाळी गिरजाबाई आल्या. एकट्या नाही, मंडळाची सगळी दारूबंदी समिती बरोबर. थाळ्या, काठ्या आणि घोषणा. मला वाटलं मेळाव्याचं आमंत्रण द्यायला एवढ्या आल्या. मी चहाचं आधण ठेवायला सांगितलं. गिरजाबाई सरळ न्हाणीघरात गेल्या आणि पिंपाचं झाकण उघडून म्हणाल्या, सडवा. दारूसाठी सडवलेल्या मोहाला इथे हाच शब्द आहे.

मी म्हटलं, ही मुरवण आहे. त्या म्हणाल्या, आमच्या नवऱ्यायनं घर विकून याच मुरवणीत घातलं बाई. पिंप नालीत ओतलं. वीस दिवसांचं काम. नालीशेजारची डुकरं नंतर आडवी होती, हेही नोंदवते.

मग त्यांना दोन बाटल्या सापडल्या. मी इजिप्तपासून सुरुवात केली. रोमपर्यंत पोचले होते तेव्हा गिरजाबाई म्हणाल्या, बाई, आमाले एवढंच सांगा, उतरली का नाई? मी दुखावले. म्हटलं, उत्तम उतरली आहे. अस्सल आहे. असा अर्क या तालुक्यात कोणी काढला नसेल.

समितीत कुजबुज. मागून अन्नपूर्णा, ती पण होतीच, माझी बाही ओढून म्हणाली, बाई, नोका बोलू. माझ्या यशानं तिचा जळफळाट झाला हे स्पष्ट होतं. मी आणखी जोरात सांगितलं.

गिरजाबाई म्हणाल्या, पेटवून पाहू. इथली रीतच आहे, ओंजळभर विस्तवावर टाकायची, भडकली तर दारू. गोकुळेनं चहासाठी चूल पेटवलेलीच होती. सगळ्या भोवती उभ्या राहिल्या. माझी अवस्था विचित्र. पेटला तर जेल. नाही पेटला तर अर्क कसला? खरं सांगायचं तर मी मनात म्हणत होते, पेट.

गिरजाबाईंनी ओंजळ टाकली. चूल विझली. धूर झाला, चहा राहिला.

कोणीतरी हसलं. अन्नपूर्णा म्हणाली, म्या सांगतलं होतं जी, बाईले नाई जमणार, त्यायच्या हातून चहा बी धड होत नाई, दारू कुठून होईन? अशी साक्ष शत्रूच देऊ जाणे. समितीनं ती मान्य केली. बाटल्या मला परत दिल्या. न्यायला कोणी तयार नव्हतं.

पण सडवा सापडला म्हणून मंडळाच्या नियमाप्रमाणे मला मेळाव्यात सगळ्यांसमोर शपथ घ्यावी लागेल. नाहीतर पोलीस. विचार करून सांगते म्हटलं. समिती म्हणाली, इचार नाई, शपथ.

शुक्रवार, ९ एप्रिल

रडले नाही. धुरामुळे डोळे चुरचुरतात.

दुपारी लक्षात आलं. शपथ कुठे घ्यायची? स्टेजवर. कशात बोलायची? माइकमध्ये.

अन्नपूर्णेला वाटलं मला खाली पाडलं. स्वतःच्या हातानं मला वर चढवलं. शपथ एका वाक्याची. माइक एकदा हातात आला की कोण काढून घेणार? मी टेलिफोनच्या १९८ नंबरवर तक्रारवाल्यांना तासन्तास बोलू दिलं नाही, मला कोण थांबवतं बघू. भाषणाची चाळीस पानं लिहून काढली. इजिप्त, ग्रीस, चीन, अरबस्तान, कनौज, शेवटी गोंड लोकांचा मोह. अन्नपूर्णेच्या चुकांसाठी पाच पानं कोरी सोडली आहेत.

रविवार, ११ एप्रिल

अन्नपूर्णा बोलली. लोबान इजिप्तमध्ये उगवतो म्हणाली. झाड अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेत, पण कोणाला पडलंय. बाया मान डोलवत होत्या. मग ती अडखळली, कागद हलला, आणि म्हणाली, पुढचं आमच्या सुपरवायझर बाईले मालूम हाय, त्यायनंच मले शिकवलं, म्या इचारायले गेलती, त्या झोपल्या होत्या. टाळ्या.

ही चाल मला अनपेक्षित होती. कोऱ्या पानांवर काय लिहावं सुचेना.

मग माझं नाव. स्टेजवर गेले. माइक हातात आला. जड असतो. 'मी, हेमलता बारसागडे, शपथ घेते की यापुढे मी दारू गाळणार नाही.' पदराखालून पानं काढली आणि सुरू केलं, 'पाच हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये...'

गिरजाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हळूच म्हणाल्या, बस बाई, एवढंच राह्यते, घाबरू नोका. आणि माइक गेला. टाळ्या इतक्या वाजल्या की माझं इजिप्त कोणाला ऐकूच गेलं नाही. अन्नपूर्णेनं पायऱ्या उतरताना माझा कोपर धरला. आधार म्हणून की अटक म्हणून, ठरवता आलं नाही.

खाली बाया गोळा झाल्या. सुकरी नावाची एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, बाई, किती वर्सं पीत होत्या? मी म्हटलं, मी पीत नाही, तो सुगंधी औषधाचा प्रयोग होता. तिनं डोळे पुसले. म्हणाली, आमचा माणूस बी औषध म्हणूनच घेते. सगळ्यांनी मान डोलवली. मी कितीही खुलासा केला तरी मान डोलवायच्याच. अन्नपूर्णेच्या भाषणाला इतक्या डोलल्या नव्हत्या, हे निरीक्षण म्हणून लिहून ठेवते.

मंगळवार, १३ एप्रिल

वडशाच्या मंडळाचा फोन. पुढच्या रविवारी त्यांचा मेळावा. प्रमुख वक्ता म्हणून मी. पत्रिकेत नाव, स्टेजवर खुर्ची, बसचं भाडं. विषय त्यांनीच ठरवला आहे: 'मी दारू कशी सोडली'.

मी म्हटलं, हा गैरसमज आहे. त्या म्हणाल्या, लाजू नका बाई, तुम्ही बोललात तर दहा घरं वाचतील. मी म्हटलं, अरोमाथेरपीवर बोलते. त्या म्हणाल्या, त्यासाठी अन्नपूर्णाबाईंना अर्धा तास विचारणार होतो, पण आता जागा नाही, तुम्हालाच पूर्ण तास दिलाय.

पूर्ण तास. मला.

किती वर्षं पीत होते ते ठरवायला हवं. दहा म्हणजे कमी वाटेल.