घोडीचोराची भरती

पूर्णा जंक्शन,
चैत्र वद्य ५, शके १८६४ (सन १९४२)

ती. स्व. सौ. कमलवैनीस,
चंद्रभानचा शि. सा. न. वि. वि.

परभणीच्या जेलातून सुटलो आन सरळ हितं व्यंकटमामाकडं आलो. ताडकळसला यायला तोंड न्हवतं. मामा रेल्वेत सांधेवाले, त्यांच्या पडवीत पथारी टाकली हाय. मामीची भाकर तुमच्या भाकरीपरीस जाड असती, पन जेलातली खाल्ल्यावर मला समद्याच भाकरी गोड लागायल्यात.

पोलीस चौकीवरल्या अमीनसाहेबांची घोडी मला ठेवून घ्यायची न्हवती, हे तुमाला ठावं हाय. पूर्णेच्या कुस्त्या बघायच्या आन दिवस मावळायच्या आत परत नेऊन बांधायची, येवढंच मनात होतं. पन न इचारता नेली, म्हंजे कायद्यात ती चोरीच. महिन्याची सजा भोगली, तिचं काई वाटत न्हाई. दादा जेलाच्या दारात आले न्हाईत, त्याचं लय वाटतं.

आता खरी गोष्ट. लढाईसाठी इंग्रज सरकारचे भरतीवाले पूर्णेला येणार हाईत. मला पलटणीत जायचंय. पन सजा झालेल्याला घेत न्हाईत म्हनं. मामा म्हनतात की नाव बदल, गाव सोनपेठ सांग, येवढ्या गर्दीत कोन चौकशी करायलंय? तुमचं काय म्हननं ते कळवा. दादांना सांगू नका.

माया हाय ती पातळ होऊ देऊ नका, ही विनंती.
तुमचा, चंद्रभान


ताडकळस,
चैत्र वद्य १०

चि. चंद्रभान भावजी यांस,
कमलचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. आदी रडले, मग भाकरीचं वाचून हसले. मामीला कळवते की न्हाई बघा.

भावजी, नाव बदलायचं मनात सुदिक आणू नका. पाणवठ्यावर बायका तुमाला घोडीचोर म्हनतात. मी ऐकते, घागर भरते आन घरी येते. ते सोसलं. पन तुमी परक्या नावानं गेलात आन तिकडं काई बरंवाईट झालं, तर तार कुनाच्या दारात यायची? सोनपेठला तुमचं कोन हाय? आमी हितं जन्मभर रस्त्याकडं बघत बसायचं का? खरं सांगा. न्हाई घेतलं तर घरी या आन वखर धरा. लोक किती दिवस हसतील?

हे अजून तुमचं नाव काढत न्हाईत. पन जेवायच्या टायमाला तुमचा पाट मांडतात आन ध्यानात आलं की मुकाट्यानं उचलून भिंतीला लावतात.

जिवाला जपा. आशीर्वाद कायमचेच.
तुमची वैनी


पूर्णा,
वैशाख शुद्ध २

ती. स्व. सौ. वैनीस,
शि. सा. न. वि. वि.

खरं सांगितलं. पळण्यात पयला आलो, छाती मापात भरली. मग भरतीच्या सुभेदारांनी इचारलं की कवा सजा झाली हाय का. माझ्या पुढचे समदे 'न्हाई जी' म्हनून सुटले. मी म्हनालो, झाली जी, घोडीपायी. सारं मैदान हसलं. गोरा साहेब तेवढा हसला न्हाई.

सुभेदार म्हनाले की तुझ्या भागातल्या पोलीस अंमलदारानं तुझी हमी घेतली तरच इचार होईल, आन शनवारी भरती उठणार. वैनी, आपला अंमलदार म्हंजे घोडीचा मालक! संपलं समदं. रविवारी घरी येतो. दादांना कसं तोंड दाखवू ते तुमीच सांगा.

लोभ कमी होऊ नये.
चंद्रभान


ताडकळस,
वैशाख शुद्ध ५

चि. भावजी यांस आशीर्वाद वि. वि.

शनवारपतूर तिथून हलू नका. मी अमीनसाहेबांकडं जाऊन आले. ह्यांना सांगितलं न्हाई. संगं शेजारच्या कडूबाईला घेतलं. चौकीच्या पायरीवरून मी माघारी फिरायले, तिनंच ढकललं.

साहेब म्हनाले की बाई, माझीच घोडी पळवली आन मीच त्याची हमी भरू? मी पदर सावरून म्हनाले, व्हय जी. घोडी परत आली तवा पाणी पाजलेली, अंग पुसलेली होती, हे तुमच्याशिवाय कोन सांगणार? ते म्हनाले की ते खरं, पन चोरी ती चोरी. मग मला धीर आला कुठून देव जाने. मी म्हनाले की त्याला खोट्या नावानं जाता येत होतं, साहेब. त्यानं सोताचं नाव सांगितलं. का, तर घरी तारेची वाट बघणारी मानसं हाईत.

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हनाले की त्यांचा धाकटा भाऊ सिंगापुरात फौजेत होता. सिंगापूर पडलं तवापासून चिठ्ठी न्हाई. म्हातारी आई दारातून उठत न्हाई. जा म्हनून हात केला. हो म्हनाले न्हाईत, न्हाई बी म्हनाले न्हाईत.

मी देवापुढं दिवा लावला हाय. दम धरा.
तुमची वैनी


पूर्णा,
वैशाख शुद्ध १०

ती. स्व. सौ. वैनीस,
साष्टांग दंडवत, आन आज तो खरोखर जमिनीवर पडून घातला हाय!

शनवारी भरतीची टेबलं उचलायले तवा मैदानात धुरळा उठला. बघतो तर अमीनसाहेब, त्याच घोडीवर! मामा म्हनाले, पळ, धरायला आले. मी हललो न्हाई. साहेब उतरले आन भरतीच्या साहेबाला सलाम करून म्हनाले की ह्यानं माझी घोडी नेली, मीच धरला, मीच आत घातला. तवा बी ह्यानं नाव लपवलं न्हाई, आता बी न्हाई. ह्याची हमी माझी.

गोऱ्या साहेबानं सुभेदाराकरवी इचारलं की परत ह्याच्या हाती घोडी द्याल का. अमीनसाहेबांनी लगाम माझ्या हातात ठेवला आन बोटानं मैदान दाखवलं.

वैनी, काय दौडली ती! एक फेरा मारून साहेबापुढं येऊन उभा राहिलो तवा हमाल, तिकीटबाबू, स्टेशनातली समदी मानसं शिट्ट्या मारायलती. सुभेदार ओरडले की घ्या लिहून, चंद्रभान, राहणार ताडकळस!

उद्याच्या गाडीनं मनमाडवरून बेळगाव. दादांना आता तुमीच सांगा. अमीनसाहेबांच्या आईला माझा नमस्कार पोचवा.

तुमचे उपकार फिटायचे न्हाईत, ते तसेच राहू द्या.
चंद्रभान


बेळगाव, मराठा पलटण,
मार्गशीर्ष शुद्ध ५

ती. स्व. सौ. वैनीस शि. सा. न. वि. वि.

तुमी कळवलं न्हाई, आन मी बेसावध राहिलो.

काल आमची कसम झाली, म्हंजे पलटणीची शपथ. बँड वाजायलता. तारेच्या कुंपनापाशी कोन तरी घोंगडी खांद्यावर टाकून उभं होतं. हवालदारानं त्याला हटकलं, तर तो मानूस येवढ्या मोठ्यांदा बोलला की रांगेत मला ऐकू आलं. म्हनाला, तो उंचापुरा दिसतोय न्हवं, त्यो माझा भाऊ चंद्रभान. मी ताडकळसचा मुंजाजी!

मला मान वळवायची सोय न्हवती. डोळ्यातलं पाणी पुसायची बी न्हवती.

परेड सुटल्यावर दादा जवळ आले. तुमी दिलेले धपाटे हातात दिले. माझ्या बटनांवरून बोट फिरवलं. मग टाचा जुळवल्या आन मला सलाम ठोकला, तो बी डाव्या हातानं. बाजूची पोरं हसली. मी हसलो न्हाई, वैनी. मी ताठ झालो आन साहेबाला करतो तसा कडक सलाम दादांना केला.

घरातल्या समद्यांवर असाच जीव असू द्यावा.
आपला,
शिपाई चंद्रभान